नाशिकचा ज्वालामुखी: दीडशे वर्षांच्या शोधाचा आढावा

साल्हेरच्या माथ्यावर, धोडपच्या माचीवर किंवा अंजनेरीच्या पठारावर चार माणसं टेकली की एक प्रश्न हमखास निघतो. हे सगळे डोंगर लाव्ह्याचे, मग तो लाव्हा ओकणारा ज्वालामुखी होता कुठे? ‘महाराष्ट्राचं पठार लाव्ह्यापासून बनलं’ एवढं वाक्य शाळेपासून पाठ असतं, त्याला मार्कही मिळतात, पण जागा कुणी सांगत नाही. मग मंडळी आपापल्या परीनं ती शोधतात आणि एखादा टोकदार सुळका दिसला की बोट तिकडे जातं. चित्रातला ज्वालामुखी तसाच असतो ना: निमुळता, शेंड्याला खड्डा, वर धूर.

सुळका म्हणजे ज्वालामुखी नव्हे, हे ओळखायला भूशास्त्राची पदवी लागत नाही. त्याच्या अंगावरच्या रेघा बघायच्या. सातमाळेच्या रांगेत अचला-अहिवंतपासून सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, इंद्राई असं चांदवडपर्यंत नजर फिरवली तर काळ्या कड्यांचे पट्टे आडवे धावताना दिसतात. एका डोंगरावरचा पट्टा दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर साधारण त्याच उंचीला पुन्हा सापडतो. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीत थर मुखापासून चहूबाजूंना उतरते असतात; इथे ते जवळजवळ सपाट आहेत. एकेकाळी अखंड असलेल्या थप्पीतून पाण्यानं कोरून शिल्लक ठेवलेले हे तुकडे आहेत. सुळका हा त्या थप्पीचा उरलेला कोपरा, एवढंच.

चित्रातला तो निमुळता प्रकार जगात आहेच. जपानचा फुजी, फिलिपिन्सचा मायॉन, जावातला मेरापी हे त्या जातीचे. राख, दगडगोटे आणि लाव्हा यांचे थर आलटूनपालटून बसत गेले की असा शंकू उभा राहतो. त्यासाठी स्फोट लागतात आणि स्फोटासाठी शिलारसात वायू अडकून पडावा लागतो. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जिथे शिरतो तिथे तो आपल्यासोबत पाणी खाली नेतो आणि वर येणारा शिलारस वाफेनं भरलेला असतो. भारतात या जातीचा ज्वालामुखी बघायचा तर अंदमानला जावं लागेल. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवरचं बॅरन बेट हा आपला एकमेव जागता ज्वालामुखी. समुद्राच्या वर तो जेमतेम ३५४ मीटर दिसतो, बाकी सगळा धिप्पाड देह पाण्याखाली. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत, मध्ये दीड शतकाहून अधिक काळ तो गप्प होता आणि १९९१ मध्ये पुन्हा पेटला. गंमत अशी की बॅरनचा खडकही मुख्यतः बेसॉल्टच्या घराण्यातला, म्हणजे नाशिकच्या काळ्या कातळाचा भाऊबंद. फरक पडतो तो वायूचा आणि बाहेर पडायच्या रीतीचा.

नाशिकच्या बाजूला राखेचे थर नगण्य आहेत. ज्वालामुखीची राख आणि स्फोटक खडक बघायला मुंबईकडे उतरावं लागतं. इथे सापडतो तो पातळ, वाहता बेसॉल्ट, एकावर एक. दख्खनचा हा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, त्याचं वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं आणि सह्याद्रीत त्याची जाडी सगळ्यात जास्त. एवढा माल एका शंकूतून येणं शक्य नाही, यावर आता कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो पुढचा: हा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला, की नाशिक-इगतपुरीच्या पट्ट्यात खरंच एक केंद्र होतं, एक अवाढव्य, ढालीसारखा पसरट ज्वालामुखी? आणि असलाच तर आज आपल्याला दिसतो तो त्याचाच लाव्हा आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत अनपेक्षित दिशेला गेलं आहे.

सुरुवात लष्करी अधिकाऱ्यांनी केली. कर्नल विल्यम साइक्स यांनी मुंबई इलाख्यातल्या नोकरीत दख्खन पालथं घातलं आणि १८३३ मध्ये इथल्या सपाट थरांचं वर्णन लंडनच्या भूशास्त्रीय मंडळापुढे मांडलं. त्यानंतर रेल्वे आली. थळघाटाची म्हणजे आपल्या कसारा घाटाची चढण १ जानेवारी १८६५ ला खुली झाली, आणि सुरुंगांनी फोडलेल्या त्या ताज्या कातळात थरांचा क्रम उघडा पडला. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांचा पश्चिम आणि मध्य भारतातल्या लाव्ह्यांवरचा मोठा अहवाल आला. प्रवाह आडवे का, दोन प्रवाहांमध्ये तळ्यांचा गाळ कुठून आला, मुखं कुठे असतील, हे प्रश्न तेव्हापासून कागदावर आहेत.

मग बराच काळ मोजमापातच गेला. कोळशाच्या आशेनं भुसावळला खोल भोक पाडलं गेलं. कोळसा लागला नाही, पण १,२१७ फुटांत २९ प्रवाह मोजून झाले आणि तळ तरीही लागला नाही. फर्मर यांनी १९२५ मध्ये त्याचा तपशील छापला. १९२२ मध्ये हेन्री वॉशिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानं जगभरच्या अशा पठारी बेसॉल्टांची तुलना केली आणि दख्खनचं नाव जगाच्या यादीत बसलं. मुखाच्या शोधात खरा धागा दिला तो जॉन ऑडन यांनी. लाव्ह्याकडे बघत बसण्यापेक्षा लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगा शोधा, अशी त्यांच्या १९४९ च्या लेखाची दिशा होती. भेगेत थिजून राहिलेला शिलारस म्हणजे डाईक. भोवतालचा मऊ खडक झिजला की तो भिंतीसारखा उभा राहतो.

धोडपवर ही भिंत हाताला लागते. कळवण-वडाळीभोईच्या बाजूनं बघितलं तर गडाचा माथा पिंडीसारखा आणि त्याच्या एका अंगाला निघालेली अरुंद, सरळसोट माची, तिच्यात मध्येच एक चौकोनी खाच. ती माची म्हणजे डाईक. वर गेल्यावर तिच्या कडेचा दगड नीट निरखावा. बाजूच्या प्रवाहांत पोकळ्या भरलेले पांढरे ठिपके दिसतात, डाईकचा दगड मात्र घट्ट, बारीक कणांचा असतो. त्याचे सांधेही आडवे पडलेले असतात. थंड होताना खडकाला भेगा पडतात त्या थंड पृष्ठाशी काटकोनात. आडव्या प्रवाहात त्यामुळे उभे खांब तयार होतात, आणि उभ्या डाईकमध्ये रचून ठेवलेल्या सरपणासारख्या आडव्या मोळ्या. हे एकदा ध्यानात आलं की डाईक लांबूनही ओळखता येतो. विहिरी खोदणाऱ्यांना त्याची वेगळ्या कारणानं ओळख असते. डाईक पाणी अडवतो, म्हणून एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि पलीकडे ठणठणाट असं दोनशे पावलांत घडतं.

ऑडन यांच्यानंतरची मोठी उडी १९८० च्या दशकातली. बेसॉल्टची अडचण अशी की जव्हारचा तुकडा आणि महाबळेश्वरचा तुकडा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. तेव्हा रसायनाचा आधार घेतला गेला. टायटॅनियम, बेरियम यांचं प्रमाण आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर पाहून प्रवाहांचे गट पाडायचे आणि घाटाघाटांतून चढत त्यांचा क्रम लावायचा. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर आणि त्यांचे सहकारी, तसंच ब्रिटनमधले कॉक्स, हॉक्सवर्थ, डेव्ही, लाइटफूट यांनी हे काम केलं. त्यातून जी यादी निघाली ती वाचताना एसटीचं वेळापत्रक वाचतोय असं वाटतं. तळात जव्हार, मग इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. हा कळसूबाई उपगट. त्यावर खंडाळा आणि बुशे. त्यावर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि दक्षिणेकडे पन्हाळा, देसूर; हा वाई उपगट.

या यादीला उतार आहे. नाशिक, इगतपुरी, कळसूबाईच्या डोंगरांत दिसतात ते बहुतांशी तळातले, जुने थर. दक्षिणेला जावं तसे ते जमिनीखाली जातात आणि नवे थर समोर येतात. महाबळेश्वरी सगळं वरचं. उतार एक अंशापेक्षाही कमी, पण तीनशे किलोमीटर चालला की तेवढ्यानंही हजारो फुटांचा फरक पडतो. १९८६ मध्ये बीन, टर्नर, हूपर, सुब्बाराव आणि वॉल्श यांनी या आकाराचा अर्थ लावला. त्यांच्या मते नाशिकच्या परिसरात केंद्र असलेला एक प्रचंड पसरट ज्वालामुखी इथे उभा राहिला आणि भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला तसं उद्रेकाचं केंद्र दक्षिणेकडे सरकलं. नाशिकला ज्वालामुखी ‘सापडला’ तो असा, रसायनाच्या तक्त्यातून. त्यावर उभा असलेल्या माणसाला आपण ज्वालामुखीवर आहोत हे कधीही कळलं नसतं, इतका त्याचा चढ मंद.

या मताला जोड देणारे पुरावे इगतपुरीच्या अवतीभवती बरेच आहेत. एक, इथले प्रवाह. जॉर्ज वॉकर यांनी १९७१ मध्ये दख्खनच्या प्रवाहांचे दोन प्रकार सांगितले होते: एकसंध जाड प्रवाह, आणि अनेक छोट्या जिभा एकमेकींवर चढून बनलेले गुंतागुंतीचे प्रवाह. हे दुसरे मुखाजवळचे, असा त्यांचा कयास होता, आणि नाशिक-इगतपुरीच्या तळच्या थरांत त्यांचीच रेलचेल आहे. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र, ठिसूळ दगड याच जिभांच्या वरच्या भागाचा. दोन, पिक्राइट. ऑलिव्हिननं भरलेला हा जड खडक खोलातून फारसा न रेंगाळता वर आलेल्या शिलारसाची खूण मानला जातो, आणि तोही या पट्ट्यातल्या थरांत नोंदला गेला आहे.

तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो, कारण तो बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. कसारा घाटात आणि इगतपुरीच्या वरच्या उतारांवर काही ठिकाणी काळ्या दगडात पांढुरके, चपटे स्फटिक रुतलेले दिसतात. बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहून मोठे. प्लॅजिओक्लेजचे हे स्फटिक कधी चांदणीसारखे जुळलेले, तर कधी सगळे एकाच दिशेला कललेले असतात. प्रवाह थिजण्याआधी ते त्याच्याबरोबर वाहत होते, याची ती साक्ष. साध्या बेसॉल्टमध्ये स्फटिक डोळ्यांना दिसतच नाहीत. इतके मोठे व्हायचे तर शिलारस जमिनीखाली कुठेतरी मुक्काम करून हळूहळू निवला पाहिजे. कळसूबाई उपगटात एक गट संपून दुसरा सुरू होण्याच्या सीमेवर हे थर येतात; त्यातल्या एकाला थळघाटाचंच नाव आहे. हिगिन्स आणि आयआयटी मुंबईचे चंद्रशेखरम यांनी २००७ मध्ये या स्फटिकांच्या आकारांची मोजदाद केली आणि त्यांच्या वाढीला काही शतकं ते हजार-दीड हजार वर्षं लागली असावीत, असा हिशेब मांडला. म्हणजे इथे खाली शिलारसाची कोठारं होती. ती भरत, निवत, आणि रिकामी होत.

इथवर नाशिकच्या ज्वालामुखीची बाजू भक्कम वाटते. पण हूपर यांना स्वतःलाच डाईकांनी कोड्यात टाकलं होतं. उत्तरेला नंदुरबार-धुळ्याच्या बाजूला डाईक शिस्तीत, साधारण पूर्व-पश्चिम रांगेत उभे आहेत. रे, शेठ आणि मलिक यांनी २००७ मध्ये तिथल्या दोनशेहून अधिक डाईकांचा अभ्यास छापला. त्यातला सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा आहे. साक्रीकडे जाताना रस्त्याला समांतर धावणाऱ्या काळ्या भिंती दिसतात त्या याच. कोकण किनाऱ्याचे डाईक उत्तर-दक्षिण. जमीन एका दिशेनं ताणली गेली की भेगा अशा ओळीत पडतात. नाशिक ते पुणे या पट्ट्यात मात्र काही मेळ नाही. इथे एक ईशान्येला, दुसरा वायव्येला, तिसरा भलतीकडेच. अशा विस्कळीत डाईकांचा सरळ अर्थ असा की जमीन विशेष ताणली जात नव्हती, आणि खालचं केंद्र सगळीकडे सारखा जोर लावत होतं. म्हणजे पुन्हा केंद्राचीच बाजू.

मग कोणीतरी या डाईकांचंही रसायन तपासलं. संगमनेरच्या परिसरात बोंद्रे, हार्ट आणि शेठ यांनी २००६ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं आणि २०११ मध्ये वांडरक्लुइसेन, महोनी, हूपर, शेठ आणि रे यांनी तिन्ही पट्ट्यांचे डाईक एकत्र ताडून पाहिले. निकाल असा: तळच्या आणि मधल्या थरांशी, म्हणजे नाशिकच्या डोंगरांच्या खडकाशी ज्यांचं रसायन जुळतं असे डाईक मुख्यतः उत्तरेकडच्या नर्मदा-तापीच्या आणि किनाऱ्याच्या शिस्तबद्ध रांगांत सापडले. नाशिक-पुण्याच्या विस्कळीत डाईकांचं गोत्र जुळलं ते पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर या वरच्या थरांशी.

हा निकाल मला या सगळ्या शोधातला कळीचा वाटतो आणि मराठीत तो फारसा कुठे वाचायला मिळत नाही. इगतपुरीचा कातळ इगतपुरीतूनच निघाला असेल असं आपण गृहीत धरतो. पण ज्या भेगा नाशिकच्या डोंगरांतून उभ्या गेल्या आहेत त्यांनी त्या डोंगरांना पोसलंच नाही. त्या त्यांना नुसत्या भोसकून वर गेल्या. त्यांनी जो लाव्हा ओतला तो नाशिकच्या डोक्यावर कुठेतरी, आजच्या कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीच्याही वर पसरला होता. इथला तो थर झिजून गेला. दक्षिणेला तो शिल्लक आहे. पाचगणीच्या पठारावर घोड्यांच्या टापांखाली जो थर आहे त्याची भट्टी नाशिक-संगमनेरच्या बाजूला असण्याची शक्यता आहे, आणि नाशिकचा खडक मात्र उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या भेगांतून आलेला पाहुणा. नाशिकला ज्वालामुखी होता, पण त्याचं तोंड शोधायला लोक ज्या डोंगरांकडे बोट दाखवतात ते त्याचे नव्हेत.

वयाचा हिशेबही याला धरून आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनच्या थरांची वयं छापली. शोएन आणि सहकाऱ्यांनी चार झटक्यांत उद्रेक झाल्याचं म्हटलं, स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी तो अधिक सलग असल्याचं. डायनोसॉर संपले ती वेळ थरांत नेमकी कुठे बसते यावरही त्यांचं जुळत नाही. पण दोघांनाही ती पोलादपूरच्या आसपास किंवा त्याच्या वर दिसते. म्हणजे नाशिकच्या डोंगरांचा खडक त्या विनाशाच्या आधीचा आणि त्यांना छेदणारे बरेचसे डाईक त्यानंतरचे. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीनं दख्खनच्या मोठ्या उद्रेकांना चाळवलं का, अशी चर्चा रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुरू केली. ती सध्या चर्चाच आहे.

वरच्या थरांचा आवाका किती, हे कळायला गोदावरीबरोबर खाली जावं लागतं. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली नदी समुद्र गाठण्याआधी राजमहेंद्रीवरून जाते, आणि तिथे, मुख्य दख्खनपासून तुटलेला, बेसॉल्टचा एक छोटा तुकडा आहे. सेल्फ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की त्याचं रसायन आणि चुंबकीय दिशा आंबेनळी-महाबळेश्वरच्या थरांशी जुळतात. म्हणजे सह्याद्रीच्या बाजूनं निघालेला लाव्हा बंगालच्या उपसागराच्या काठापर्यंत, सुमारे हजार किलोमीटर, बहुधा त्या काळच्या नदीखोऱ्यांतून वाहत गेला. इतकं अंतर तो न थिजता गेला कसा, याचं उत्तर त्याच्या चालीत आहे. वरची साय आधी कडक होते, आतला रस त्या सालीखाली उष्णता राखून सरकत राहतो आणि अख्खा प्रवाह आतून उचलला जातो. पुणे विद्यापीठाच्या परंपरेतल्या दुराईस्वामी, बोंद्रे, डोळे यांनी दख्खनच्या प्रवाहांत याच्या खुणा बारकाईनं नोंदल्या आहेत. या नव्या समजुतीमुळे वॉकर यांचा जिभांचे प्रवाह म्हणजे मुख जवळ हा जुना कयास मात्र लंगडा पडला. जिभा आणि एकसंध प्रवाह यांतला फरक लाव्हा किती वेगानं पुरवला गेला यामुळेही पडतो.

आकारमानाची कल्पना यावी म्हणून आइसलँडचं लाकी बघावं. १७८३ मध्ये २७ किलोमीटरच्या भेगेतून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आला, आणि वायू व दुष्काळ यांनी त्या देशातला दर पाचवा माणूस गेला. दख्खनमधले एकेक मोठे उद्रेक हजार घन किलोमीटरच्या घरातले.

विरोधी सूरही ऐकले पाहिजेत, कारण ते नुसते खुसपट काढणारे नाहीत. थरांचा दक्षिणेकडचा उतार मुळातला आहे की नंतर जमीन वाकल्यामुळे आला, हा एक. वॉट्स आणि कॉक्स यांनी १९८९ मध्येच लाव्ह्याच्या वजनानं कवच दबण्याचा मुद्दा आणला होता, आणि पनवेलजवळ थर समुद्राकडे झपकन वाकलेले तर सगळ्यांनाच दिसतात. दुसरा सूर पुण्याच्या विवेक काळे आणि सहकाऱ्यांचा. रसायनावर बेतलेली जव्हार-इगतपुरी ही नावं नकाशावर चालत जाऊन पडताळता येत नाहीत, एकच रसायन वेगवेगळ्या काळात पुन्हा येऊ शकतं, असा त्यांचा २०२० चा आक्षेप आहे. तो मान्य केला तर डाईक आणि थर यांचं गोत्र जुळवण्याचा खेळही सावधपणे खेळावा लागतो. मला हा आक्षेप वजनदार वाटतो, पण निकाल उलटवण्याइतका नाही. विस्कळीत डाईक आणि वरचे थर यांची जोडी समस्थानिकांसकट जुळते. तिसरा सूर कोठारांबद्दलचा. मित्तल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एका राक्षसी कोठाराऐवजी कवचात वरखाली विखुरलेली, एकमेकांना जोडलेली अनेक लहान कोठारं असावीत असं मांडलं. तसं असेल तर ‘केंद्र’ हा शब्दही जपून वापरायला हवा.

शिलारस मुळात आला कुठून, यावरचा वाद वेगळा आणि लांबलचक आहे. रूढ मत रीयुनियनचं: आज मॉरिशसजवळ जे फ्रेंच बेट आहे, जिथे पितों द ला फुर्नेज हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी अजूनही दर थोड्या काळानं लाव्हा सोडतो, त्याच्याच खालच्या उष्ण झोतावरून भारत सरकला आणि मागे लक्षद्वीप, मालदीवची रांग उरली. नाशिक तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतं; खडकांच्या चुंबकीय दिशेवरून हे क्लेग आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्येच ताडलं, खंड सरकतात हे बहुतेकांनी मान्य करण्याच्या आधी. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांना हा उष्ण झोत मान्य नाही, आणि ते वर्षानुवर्षं तसं लिहीत आले आहेत. मला स्वतःला या वादात पडण्यापेक्षा डाईकांचं गणित अधिक पक्कं वाटतं, कारण तिथे हातात दगड असतो.

पेठ, सुरगाणा, कळवणकडे अधूनमधून जमीन हादरते, नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेत त्याची नोंद होते आणि दोन दिवस ‘ज्वालामुखी जागा होतोय’ अशी कुजबुज चालते. पालघरला २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हाही हेच झालं. त्यात तथ्य नाही. ६ कोटी वर्षांपूर्वीची कोठारं केव्हाच थिजली. वज्रेश्वरीच्या झऱ्यांचं पाणी गरम आहे तेही ज्वालामुखीमुळे नव्हे, खोल भेगांत मुरून परत आल्यामुळे.

नाशिकवर थरांची थप्पी आणखी उंच होती, याची एक देखणी साक्ष मात्र जिल्ह्यातच आहे. पांडवलेण्यांच्या आसपासच्या आणि इतर खाणींत कातळाच्या पोकळ्यांतून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइटचे गुच्छ निघतात आणि जगभरच्या संग्राहकांकडे जातात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते काचेमागे बघता येतात. ही खनिजं लाव्ह्याबरोबर आली नाहीत. प्रवाह वरच्या थरांखाली गाडले गेल्यावर गरम पाणी त्यांच्या पोकळ्यांतून फिरलं आणि या खनिजांनी तिथे हळूहळू आकार घेतला. सुखेश्वाला, अवसिया आणि गंगोपाध्याय यांनी १९७४ मध्ये पश्चिम दख्खनमध्ये या खनिजांचे पट्टे आखून दाखवले. कोणतं खनिज कोणत्या पट्ट्यात, यावरून वर किती ओझं होतं याचा अंदाज बांधता येतो. नाशिकपुरतं हे गणित आणि डाईकांचं गणित एकत्र मांडलं तर त्या हरवलेल्या वरच्या थरांची जाडी ठरवायला मदत होईल.

अजून एक काम उरलं आहे आणि ते पायी फिरूनच व्हायचं. डाईक वर चढता चढता रुंदावून प्रवाहात मिसळतो आहे, अशी जागा दाखवता आली तर रसायनाच्या जुळवाजुळवीची गरजच पडणार नाही. दख्खनमध्ये अशा जागा विरळ आहेत, आणि नाशिक-पुण्याच्या डाईकांच्या बाबतीत त्या वरच्या थरांबरोबरच झिजल्या असणार. म्हणून शोध दक्षिणेला, जिथे भीमाशंकर-हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे वरचे थर टिकून आहेत तिथे घ्यायला हवा. त्यासाठी ताजे छेद लागतात. समृद्धी महामार्गाचा सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा इगतपुरीजवळ नेमका कळसूबाई उपगटातून गेला आहे. २०२५ च्या जूनपासून गाड्या त्यातून सुसाट जातात आणि कातळ काँक्रीटच्या अस्तरामागे गेला. थर वाचायचे तर जुन्या कसारा घाटानं जावं, पावसाळा सोडून, आणि गाडी वळणावर नको, रुंद जागेवर लावावी. इगतपुरीच्या बाजूनं उतरायला लागलं की उजव्या-डाव्या कड्यांत दोन काळ्या प्रवाहांमधली गेरूची तांबडी रेघ दिसते. दोन उद्रेकांच्या मधे खडकाची माती होण्याइतका वेळ गेला होता, त्याची ती नोंद.